वायकोमचा चौथा रस्ता

वायकोम सत्याग्रह म्हटला की आपल्याकडे बहुतेकांना मंदिरप्रवेशाची चळवळ आठवते. काळारामाचा सत्याग्रह आपल्या मनात इतका ठसलेला आहे की दक्षिणेतले असले प्रत्येक आंदोलन आपण त्याच खणात टाकतो. वायकोममध्ये मात्र देवळात जाण्याची मागणी कुणी केलीच नव्हती. मागणी होती ती देवळाबाहेरच्या रस्त्यावरून चालू देण्याची. एवढ्यासाठी जवळपास वीस महिने माणसे उन्हापावसात उभी राहिली, तुरुंगात गेली, काही जन्माची अधू झाली, आणि शेवटी चारांपैकी तीन रस्ते मिळाले. चौथा का मिळाला नाही, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण पहिल्यापासून बघायला हवे. रस्त्याचा हक्क कुठे कसा निसटतो, ते इथे फार स्वच्छ दिसते.

वायकोम आज केरळच्या कोट्टयम जिल्ह्यात आहे. तेव्हा ते त्रावणकोर संस्थानात होते. वेंबनाड सरोवराच्या काठचे गाव, मधोमध महादेवाचे मोठे देवस्थान, आणि देवळाच्या चारही अंगांनी जाणारे चार रस्ते. गावात इकडून तिकडे जायचे तर हेच जवळचे. या रस्त्यांच्या तोंडाशी पाट्या उभ्या होत्या. मल्याळममध्ये त्यांना ‘तींडल पलका’ म्हणत. तींडल म्हणजे विटाळ. एझवा, पुलया आणि इतर अवर्ण मानलेल्या जातींच्या माणसांनी या पाटीच्या पुढे पाऊल टाकायचे नाही. त्यांनी लांबचा वळसा घालायचा.

केरळात शिवाशिव आपल्याकडच्यापेक्षाही पुढे गेली होती. नुसता स्पर्श झाला तरच विटाळ, असे तिथे नव्हते. ठरावीक अंतराच्या आत आले तरी विटाळ होई, आणि कोणत्या जातीने किती अंतरावर थांबायचे याचे माप ठरलेले होते. त्यामुळे देवळाच्या भिंतीपलीकडचा रस्तासुद्धा सोवळ्याच्या कक्षेत येई.

आता यातली खरी मेख. ख्रिश्चन आणि मुसलमान माणूस याच रस्त्यांवरून बिनदिक्कत जाऊ शकत होता. म्हणजे एखाद्या एझवाने धर्म बदलला, तर काल अडवणारी पाटी आज त्याला अडवत नसे. माणूस तोच, रस्ता तोच, देऊळही तेच. हिंदू राहिल्याबद्दलच त्याला वळसा घालावा लागत होता. शिवाय एझवा समाज काही मूठभर नव्हता. संस्थानातल्या मोठ्या समाजांपैकी तो एक. त्यांच्यात शेतकरी होते, ताडी काढणारे होते, वैद्य होते, संस्कृत शिकलेले पंडित होते, आणि सगळे कर भरत होते.

रस्ता नेमका कोणाचा

वाटेच्या कोणत्याही भांडणात पहिला प्रश्न हाच असतो. वायकोममध्ये दोन्ही बाजूंची उत्तरे ठाम होती.

सत्याग्रहींचे म्हणणे असे की हे रस्ते सार्वजनिक आहेत. सरकारी खजिन्यातून त्यांची डागडुजी होते, त्या खजिन्यात आमचाही पैसा आहे, इतर धर्मांचे लोक त्यावरून जातात, तेव्हा आम्हालाच मज्जाव करण्याचा अधिकार कुणाला नाही. सनातन्यांचे म्हणणे असे की रस्ते देवस्थानाच्या आवारातले, देवस्थानच्या मालकीचे. पूर्वापार वहिवाट मज्जावाचीच आहे, आणि विटाळ झाला तर देवाची शुद्धी करावी लागेल. सरकार मधेच अडकलेले होते. रस्ते सरकारी म्हणावेत तर पाट्या काढाव्या लागतात, आणि देवस्थानचे म्हणावेत तर आजवर सरकारी पैसा का घातला, हा प्रश्न उभा राहतो.

विषय नवा नव्हता. १९०५ सालापासून संस्थानच्या लोकसभेत, म्हणजे श्रीमूलम प्रजासभेत, एझवा सभासद तो मांडत आले होते. धार्मिक बाब आहे, एवढे सांगून तो बाजूला सारला जाई. टी. के. माधवन हे पत्रकार आणि एझवांचे पुढारी. १९२१ साली तिरुनेलवेली इथे ते गांधींना भेटले, आणि १९२३च्या डिसेंबरात काकीनाड्याच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांनी अस्पृश्यतेचा प्रश्न लावून धरला. पुढच्याच महिन्यात केरळच्या प्रांतिक काँग्रेसने अस्पृश्यता निवारणासाठी समिती नेमली. के. केळप्पन आणि माधवन तिच्यात होते. समितीने पहिले ठिकाण निवडले ते वायकोम.

देवळाऐवजी रस्ता निवडण्यात मोठे शहाणपण होते, असे मला वाटते. मंदिरप्रवेशाला समोरचा माणूस शास्त्राने उत्तर देऊ शकतो. रस्त्याला शास्त्र लावायचे तर त्याला आधी हे सिद्ध करावे लागते की रस्ता हा रस्ता नाही.

तिघे जण आणि एक पाटी

पहिला बेत मिरवणुकीचा होता. अधिकाऱ्यांनी मुदत मागितली म्हणून तो पुढे ढकलला, आणि मग बंदीहुकूम आला. तेव्हा असे ठरले की जमाव न्यायचा नाही, रोज तिघांनीच जायचे.

३० मार्च १९२४ रोजी पहिले तिघे निघाले. कुंजप्पी जातीने पुलया, बाहुलेयन एझवा आणि गोविंद पणिक्कर सवर्ण नायर. पाटीशी पोलिसांनी त्यांना जात विचारली. नायराला जायला हरकत नाही, बाकीच्या दोघांना जाता येणार नाही, असे सांगितले. पणिक्करांनी एकट्याने जायला नकार दिला. तिघांनाही अटक झाली.

या एका प्रसंगात सगळ्या सत्याग्रहाची रचना आहे. ज्याला वाट मोकळी आहे त्याने ती न वापरता, ज्याला बंद आहे त्याच्या शेजारी उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी दुसरे तिघे, तिसऱ्या दिवशी आणखी तिघे. पुढे माधवन आणि काँग्रेसचे पुढारी के. पी. केशव मेनन तुरुंगात गेले. मग नेतृत्व बॅरिस्टर जॉर्ज जोसेफ यांच्याकडे आले. ते सीरियन ख्रिश्चन, म्हणजे हा रस्ता त्यांना मुळात खुलाच होता. गांधींनी त्यांना लिहिले की हे पाप हिंदूंचे आहे, प्रायश्चित्तही हिंदूंनाच करू द्या. तोवर जोसेफही तुरुंगात जाऊन पोहोचले.

पुढारी संपत आले तेव्हा तमिळनाडूतून ई. व्ही. रामस्वामी आले, पुढे ज्यांना पेरियार म्हणून सगळे ओळखू लागले. त्यांना दोनदा शिक्षा झाली. त्यांच्या पत्नी नागम्माई यांनी बायकांना रस्त्यावर आणले. पंजाबातून अकाली शीख आले आणि त्यांनी लंगर उघडला. गांधींना बाहेरची मदत पसंत नव्हती, त्यामुळे तो बंद झाला. एझवा समाजातले संत-सुधारक श्री नारायण गुरू यांनी आपल्या मठाची जागा सत्याग्रहाश्रमासाठी दिली आणि एक हजार रुपयांची देणगी दिली. कुंपणापाशी नुसते उभे काय राहता, ओलांडून जा, अशा अर्थाचे गुरूंचे बोलणे प्रसिद्ध झाले, तेव्हा गांधींनी ‘यंग इंडिया’तून त्याला हरकत घेतली. कुंपण ओलांडणे ही त्यांच्या मते हिंसाच होती.

ह्या मतभेदात मी गुरूंच्या बाजूला झुकतो. जो रस्ता तुमचाच आहे त्यावर पाऊल टाकणे ही हिंसा कशी, हे मला उमगत नाही. पण गांधींची काळजीही पोकळ नव्हती. कुंपणापलीकडे पोलीस होते, आणि पोलिसांच्या मागे काठ्या घेऊन उभे असलेले गावकरी होते.

पाण्यात उभे राहिलेले

काही दिवसांनी सरकारने डाव बदलला. अटक थांबवली आणि रस्त्यांवर अडसर उभे केले. आता तुरुंगात जाण्याचाही मार्ग उरला नाही. स्वयंसेवक अडसरासमोर बसून राहू लागले, सूत कातू लागले, भजने म्हणू लागले.

१९२४चा पावसाळा केरळात आजही विसरलेला नाही. मल्याळम कालगणनेचे ते १०९९ वे वर्ष, म्हणून त्याला नव्याण्णवचा पूर म्हणतात. वायकोमचे रस्ते बुडाले. पोलीस होडीत बसून पहारा देऊ लागले, आणि स्वयंसेवक पाळीपाळीने छातीइतक्या पाण्यात उभे राहिले. ज्या रस्त्यावर त्या दिवसांत कुणालाच चालता येत नव्हते, त्या रस्त्याचा हक्क सांगत ते उभे होते. हे वाचताना मला नेहमी वाटते की या प्रकरणाचे सगळे कागद हरवले आणि एवढीच गोष्ट शिल्लक राहिली, तरी पुरे.

सनातन्यांच्या गुंडांनी मारहाण केली ती पोलिसांच्या देखत. आमचाडी तेवन या पुलया सत्याग्रहीच्या डोळ्यांत चुन्याची निवळी ओतली. रामन इळयतु हे सवर्ण, त्यांच्याही डोळ्यांत तोच चुना गेला. चिट्टेडत्तु शंकु पिळ्ळै मारहाणीनंतर दगावले. रस्ता मागणाऱ्यांची ही नावे गांधी आणि पेरियार यांच्या नावांखाली झाकली जातात, म्हणून इथे मुद्दाम घेतली.

बावीस विरुद्ध एकवीस

ऑगस्ट १९२४ मध्ये महाराजा श्रीमूलम तिरुनाळ वारले. वारस लहान होता, म्हणून राणी सेतु लक्ष्मीबाई यांच्याकडे कारभार आला. त्यांनी कैद्यांना सोडले. वारे बदलतेय असे वाटू लागले.

नोव्हेंबरात मन्नत्तु पद्मनाभन या नायर पुढाऱ्यांनी सवर्णांचा जथा वायकोमहून त्रिवेंद्रमपर्यंत पायी नेला. दक्षिणेकडून डॉ. एम. ई. नायडू यांचा दुसरा जथा आला. रस्ते खुले करा, असे सांगणाऱ्या निवेदनावर पंचवीस हजारांहून अधिक सवर्णांच्या सह्या होत्या, आणि ते राणींच्या हाती देण्यात आले. ही कल्पना गांधींची. सवर्ण समाज एकजिनसी नाही, त्यातला मोठा भाग हा रस्ता द्यायला तयार आहे, हे या जथ्याने सगळ्यांसमोर आणले. सत्याग्रहाच्या सगळ्या काळात इतके राजकीय वजन दुसऱ्या कशालाही आले नसेल.

राणींनी प्रश्न विधिमंडळाकडे सोपवला. एन. कुमारन यांनी ठराव मांडलेलाच होता की वायकोमच्या देवळाभोवतालचे आणि संस्थानातले तसलेच सगळे रस्ते जातिधर्माचा भेद न करता खुले करावेत. ७ फेब्रुवारी १९२५ रोजी मतदान झाले. ठराव २२ विरुद्ध २१ मतांनी पडला. सरकारी सभासदांनी विरोधात मते दिली नसती तर तो सहज मंजूर झाला असता. म्हणजे समाजाने दिलेले सरकारने अडवले. धार्मिक बाब आहे, लोकभावना दुखावेल, हे कारण सरकार वीस वर्षे देत आले होते. जथ्याने ते कारणच काढून घेतले, तेव्हा सरकार मतपेटीत उभे राहिले.

ओसरीवरची वाटाघाट

मार्च १९२५ मध्ये गांधी स्वतः वायकोमला आले. सनातन्यांचे म्होरके इंडनतुरुत्तिल नंबुद्री, म्हणजे केरळी ब्राह्मण. ते गांधींकडे यायला तयार नव्हते, म्हणून गांधी त्यांच्या वाड्यावर गेले. गांधी वैश्य असल्यामुळे त्यांना घराच्या आत घेतले नाही, बाहेरच्या बाजूला बसवले. बोलणे बराच वेळ चालले. नंबुद्रींचा मुद्दा असा की ही माणसे पूर्वकर्मामुळे त्या जातीत जन्मली, त्यांना रस्त्यापासून दूर ठेवण्यात आमचा अन्याय नाही, त्यांचे कर्मच ते भोगायला लावते.

गांधींनी तीन पर्याय पुढे केले. सवर्णांचे मत घ्या आणि ते मान्य करा. नाहीतर लवाद नेमा, तुमचा एक पंडित, आमचा एक, आणि दिवाण सरपंच. किंवा ज्या शास्त्राचा आधार सांगता त्याची पोथी खरी आहे का आणि तिचा अर्थ तोच होतो का, हे जाणकारांकडून तपासून घ्या. तिन्ही नाकारले गेले.

या तीन पर्यायांकडे पुन्हा एकदा बघा. पहिल्यात मत सवर्णांचे. दुसऱ्यात निवाडा पंडितांचा आणि दिवाणाचा. तिसऱ्यात पोथीचा. ज्याला पाटीशी थांबावे लागते त्या कुंजप्पीला यातल्या एकाही पर्यायात जागा नाही. आणि रस्ता सरकारी पैशावर राखला जातो, हा जो सत्याग्रहींचा सर्वांत बळकट मुद्दा, तोही यातल्या एकाही पर्यायात आला नाही. तो सोडून दिला आणि समोरच्याच्या अंगणात जाऊन समोरच्याच्याच शास्त्रात न्याय शोधला. गांधींना नंबुद्रींचे मन वळवायचे होते, नमवायचे नव्हते, हे मला कळते. त्यामागचा मोठेपणाही दिसतो. तरी माझ्या मते प्रकरण इथेच घसरले. हक्काच्या मागणीचे रूपांतर परवानगीच्या मागणीत झाले.

महाराष्ट्राचा एक धागा इथे येतो. गांधींनी त्याच वर्षी विनोबांना वायकोमला पाठवले होते. गागोद्याचा हा तिशीचा तरुण तिथल्या सनातनी पंडितांशी शास्त्रार्थ करायला गेला. वळवावे लागणार होते ते पंडितांना, अशीच तेव्हाची समजूत होती.

तीन उघडले

त्यानंतर संस्थानचे पोलीस कमिशनर पिट यांच्याशी गांधींचा पत्रव्यवहार झाला. सरकारने बंदीहुकूम उठवायचा, स्वयंसेवकांनी ठरलेली रेषा ओलांडायची नाही, अशी तडजोड निघाली. सरकारने देवळाच्या बाजूने काही नवे वळणरस्ते बांधले. उत्तर, दक्षिण आणि पश्चिम या बाजूंचे रस्ते सर्वांना मोकळे झाले. पूर्वेचा रस्ता मात्र सवर्णांसाठी राखून ठेवला. २३ नोव्हेंबर १९२५ रोजी सत्याग्रह थांबला.

देऊळ पूर्वाभिमुख आहे. तेव्हा पूर्वेची बाजू म्हणजे देवळाचे दर्शनी अंग, आणि नेमके तेच राखून ठेवले. शिवाय काही ठिकाणी जुना रस्ता मोकळा करण्याऐवजी शेजारून नवा काढून दिला. वाटेच्या भांडणात ही युक्ती फार जुनी आहे. तक्रारदाराला जायला जागा मिळते, आणि त्याचा मूळ रस्त्यावरचा हक्क न बोलता मिटतो. कर भरणाऱ्याच्या पैशातून त्याच्याचसाठी वळसा बांधून द्यायचा, आणि त्याला न्याय म्हणायचे.

मग हे सारे वाया गेले का? तसे मी म्हणणार नाही. तीन रस्ते खरोखर उघडले, आणि पाटी ही हलवता येणारी वस्तू आहे हे सगळ्या संस्थानाने पाहिले. काही वर्षांतच त्रावणकोरमध्ये देवळांभोवतालचे इतर रस्तेही मोकळे होत गेले. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी महाराजा चित्तिर तिरुनाळ यांनी मंदिरप्रवेशाची घोषणा केली. देऊळच उघडले, तेव्हा पूर्वेच्या रस्त्यावर राखीवपण उरायचे कारण संपले. रस्त्यावरून पूर्णपणे चालता येण्यासाठी देवळाचा दरवाजा उघडण्याची वाट बघावी लागली, हे मात्र विसरता येत नाही.

महाडला जे वेगळे घडले

वायकोम थांबल्यावर दीड वर्षाच्या आत, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले. दोन्ही प्रकरणांचा गाभा एकच आहे. सार्वजनिक पैशावर राखलेली वस्तू, आणि एका समाजाला ती वापरण्यास मनाई. फरक सुरुवातीलाच होता. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्येच मंजूर झाला होता. सरकारी किंवा सार्वजनिक पैशावर चालणारी पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या, असा तो होता. महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे तळे खुलेही जाहीर केले होते. महाडला जमलेली माणसे परवानगी मागायला गेली नाहीत. जे कागदावर त्यांचे होते ते त्यांनी ओंजळीत घेतले.

विरोधकांनी दावा लावला. तळे खासगी आहे आणि वहिवाट पूर्वापार आहे, हेच वायकोमचे दोन मुद्दे पुन्हा आले. दहा वर्षे खटला चालला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निकालात काढला. वादींना पुरातन वहिवाट सिद्ध करता आली नाही. तिथे कुणालाही कुणाचे कर्म तपासावे लागले नाही. मालकी कोणाची आणि वहिवाटीला पुरावा काय, एवढेच विचारले गेले. वायकोमच्या रस्त्यांबद्दल हे दोन प्रश्न कोर्टात विचारले गेले असते तर पूर्वेचा रस्ता वाचला असता का, हे सांगता येणार नाही. संस्थानचे कायदे वेगळे होते आणि राजाच देवस्थानांचा रक्षक होता. पण ते विचारायला हवे होते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानघाट यांच्या ओळीतच रस्ते हा शब्द आला आहे. राज्याच्या पैशातून पूर्णपणे किंवा अंशतः राखलेली, किंवा लोकांच्या वापरासाठी समर्पित केलेली, अशी तिथली कसोटी आहे. माधवन आणि केशव मेनन हीच कसोटी १९२४ मध्ये मांडत होते. पुढे १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने वहिवाटीच्या वाटेने जाण्यास अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला अडवणे हा गुन्हा ठरवला.

आपल्याकडे आजही वस्तीतून स्मशानाकडे जाणारी वाट, विहिरीची वाट, देवळामागची बोळ यांवरून वाद होतात, आणि बैठक बसते ती गावातल्या वजनदार माणसाच्या ओसरीवरच. समजुतीने घ्या, शेजारून दुसरा रस्ता देऊ, असे सांगितले जाते. त्या बैठकीला जाण्याआधी ग्रामपंचायतीतून नमुना २३चा, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीचा, उतारा काढावा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्यावी. त्या वाटेवर मुरूम, खडीकरण किंवा दिवे यांसाठी पंचायतीने कधी खर्च केला असेल, तर त्याचे ठराव आणि बिले माहिती अधिकारात मागावीत. आणि बैठकीत ज्यांना अडवले जाते त्यांची माणसे बोलणाऱ्यांत आहेत ना, हे आधी पाहावे. नसतील तर बैठक दुसऱ्या दिवशी घ्यावी.